परका चेंडू

पायाखाली काहीतरी टणक लागलं म्हणून हार्लन डायकेमा थांबले. गुडघाभर गवत बाजूला सारून बघतात तो गोल्फचा चेंडू, आणि त्यावर निळ्या शाईचे दोन ठिपके. ते ठिपके त्यांनी स्वतःच सकाळी व्हॅनच्या बॉनेटवर चेंडू ठेवून काढले होते. दोन ठिपके म्हणजे त्यांच्या कॉलेज संघातल्या कॅलेबचा चेंडू. पण कॅलेबने तर आत्ताच याच गवतातून चेंडू उडवला होता आणि पुढे तो होलमध्ये घालून चालूही लागला होता. म्हणजे पोरगा भलताच चेंडू खेळला होता, कुणाचा तरी कधीतरी हरवलेला, त्याच कंपनीचा. घाईत ठिपके बघायचं राहून गेलं.

नियम सरळ होता. परका चेंडू मारला तर दोन फटक्यांचा दंड, आणि मागे येऊन आपला चेंडू खेळायचा. पण हे सगळं पुढच्या होलवर पहिला फटका मारायच्या आत. तो मारला की खेळाडू बाद. आणि कॅलेब बाद म्हणजे संघच बाद, कारण सांघिक निकालासाठी चौघांची बेरीज लागते. बाकीची कॉलेजं पाच पोरं आणतात, एखादा घसरला तरी निभतं. डायकेमांना यंदा पाचवा मिळालाच नव्हता.

क्रेगने तर निघताना बजावलं होतं. क्रेग व्हॅन झी एकेकाळी त्यांच्याच बास्केटबॉल संघातला पोरगा, आता कॉलेजचा क्रीडाप्रमुख. विश्वस्त गोल्फ बंद करायला टपलेत, म्हणाला. शेवटचे या, पण संघ म्हणून निकालात या, तरच मला त्यांच्याशी भांडता येईल.

खरं तर गोल्फ त्यांच्या गळ्यात पडलेला खेळ. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बास्केटबॉल शिकवला. हिवाळ्यात बाहेर बर्फ कमरेएवढं आणि आत व्यायामशाळेत गावातलं झाडून सगळं माणूस. त्यांनी आवाज चढवला की शेजारच्या शेतातल्या गाई गोठ्याकडे वळतात, अशी थट्टा चालायची. वसंतात हा माणूस रिकामाच असतो, असं म्हणून कुण्या प्राचार्याने गोल्फही त्यांच्या माथी मारला. दोन वर्षांपूर्वी बास्केटबॉल एका तरुण प्रशिक्षकाकडे गेला, आणि त्याच्याबरोबर गळ्यात पडलेला गोल्फ तेवढा हातात राहिला. त्याच हिवाळ्यात त्यांची बायको मार्लिस गेली. बाकावर दोन्ही बाजूंना पोरं खेटून बसायची सवय असलेल्या माणसाला हा खेळ फार एकटा वाटायचा. चार पोरं चार होलवर, आणि प्रशिक्षक मधल्या माळावर वारा खात. तरी दिवसाला काहीतरी निमित्त होतं. तेही गेलं तर सकाळी उठून कुठे जायचं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

चेंडू गवतातच राहू देऊन ते पुढच्या होलच्या दिशेने धावले. धावले म्हणजे काय, झपाझप लंगडले. चढावर पोचले तेव्हा कॅलेब काठी हातात घेऊन उभा दिसला. हाक सहज पोचली असती. त्यांनी तोंड उघडलंही. पण मध्येच दुसऱ्या होलच्या हिरवळीवर एक परका पोरगा शेवटच्या नाजूक फटक्यासाठी वाकला होता, आणि अशा वेळी गोल्फच्या मैदानावर कुणी ओरडत नाही. हा धडा डायकेमा मोठ्या कष्टाने शिकले होते. पहिल्याच वर्षी ओरडले म्हणून त्यांना मैदानाबाहेर काढलं होतं. त्यांनी तोंड मिटलं. त्या पोराचा चेंडू आरामात घरंगळत होलमध्ये गेला. यांनी मान वर केली, तेव्हा कॅलेबचा चेंडू आभाळात होता.

फटका सुरेख होता. कॅलेबने वळून त्यांच्याकडे बघत हात हलवला, आणि त्यांनीही हलवला.

मग ते परत गवताकडे गेले. चेंडू तिथेच होता. तो उचलून त्यांनी खिशात टाकला. आसपास चिटपाखरू नव्हतं. खिसा मिटला की प्रकरण मिटलं. संघ निकालात, क्रेग खूश, पुढचा वसंत आपला. मैदानाच्या कडेने ते बराच वेळ तसेच चालत राहिले, आणि चालता चालता आपण पंचांच्या गाडीकडेच निघालोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्याचा त्यांना राग आला, पण पाय काही वळले नाहीत.

पंच भला माणूस होता. त्याने दोनदा विचारलं, नक्की तुमच्याच पोराचा ना? डायकेमांनी ठिपके दाखवले.

कॅलेबला त्यांनी स्वतः सांगितलं. त्याने चेंडू हातात घेऊन ठिपके बघितले.

"कोच, हा तुमच्या खिशात होता?"

"हो."

"मग तिथेच राहू द्यायचा ना."

"तेच करणार होतो रे."

"मग?"

"नाही जमलं. मला ओरडायला हवं होतं, कॅलेब. आधीच. तेव्हा मी गप्प बसलो."

पोराने काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि व्हॅनकडे गेला. उरलेले तिघे बिचारे शेवटपर्यंत खेळले. त्यातल्या एकाने तर जन्मातला सर्वांत चांगला खेळ केला, पण निकालाच्या फळ्यावर कॉलेजच्या नावापुढची जागा कोरीच राहिली. क्रेगचा फोन आला. तो रागावला नाही. नुसतंच म्हणाला, गवतात चेंडू काय, कुणाचेही सापडतात, कोच. मग म्हणाला, सोमवारी ऑफिसात या, बोलू. काय बोलणार ते दोघांनाही कळत होतं.

परतीच्या वाटेवर, संध्याकाळी, ते नेहमीच्या खाणावळीत थांबले. तळलेली कोंबडी आली, लोणी घालून कुस्करलेले बटाटे आले. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी कोचनी म्हणायची, हा रिवाज. चौघांनी माना खाली घातल्या. डायकेमांनीही घातली. शब्द रोजचेच होते, पण आज एकही तोंडून निघेना. बराच वेळ झाला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले. एका पोराने हळूच डोळा उघडला.

"मी म्हणतो," कॅलेब म्हणाला. दुपारनंतरचं त्याचं हे पहिलंच बोलणं. मान वर न करता त्याने सुरुवात केली. अन्नाबद्दल आभार मानले. घरी सुखरूप पोचव म्हणाला. मग अडखळला.

"आणि हार्लन डायकेमांना आज रात्री झोप लागू दे. आमेन."

"आमेन," तिघे म्हणाले आणि कोंबडीवर तुटून पडले.

डायकेमांची मान खालीच राहिली. मार्लिस गेल्यापासून त्यांचं नाव घेऊन देवाजवळ कुणी काही मागितलं नव्हतं. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. कुणीतरी त्यांच्या ताटात बटाटे वाढले.

"खा, कोच," कॅलेब म्हणाला. "गार होतील."