हळदीची चिंधी

पालेगावात एका अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सकाळी दहा वाजता शे-दीडशे माणसं बसली होती, आणि बहुतेकांच्या हातात लघवीची बाटली होती. कुणाकडे खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, कुणाकडे मिनरल वॉटरची, तर एका बाईकडे चक्क लेकीची शाळेची वॉटरबॅग. उन्हानं वास उठला होता. उल्हासनगरहून गाडी करून आलेला एक कापडाचा व्यापारी नाकाला रुमाल लावून बसला होता, पण बाटली मात्र प्रसादासारखी दोन्ही हातांत धरली होती.

समोर चौरंगावर पीतबाबा. पिवळी लुंगी, पिवळा फेटा, तोंडात तंबाखू, पुढ्यात हळदीचं ताट.

"डाक्टर एक्सरे काढतो. एक्सरे म्हणजे काय? फोटो!" बाबा सांगत होता. "फोटोत भूत येतं का कधी? नाय येत. आपल्याकडे डायरेक्ट रिपोर्ट. छातीत डाकीण बसली तर मूत्र बोलणार!"

तो अंगठ्यानं तांब्याची वाटी आतून पुसायचा, मंत्र पुटपुटायचा, मग बाटलीतली लघवी ओतून त्यात एक पिवळी चिंधी बुडवायचा. चिंधी लालभडक व्हायची. लोक हात जोडायचे. मग पेशंटवरून लिंबू उतरवून ते चिंधीवर पिळायचा. लाल रंग जाऊन चिंधी पुन्हा पिवळी!

"निघाली! आता डाक्टरची सुई बंद. सुई टोचली की डाकीण परत येते."

वास तर होताच, पण मला किळस आली ती या शेवटच्या वाक्याची.

मी मनाली. बदलापूरच्या एका लहान हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. ही २००६ सालची गोष्ट. तिथं मी आमचा एक पेशंट शोधायला गेले होते. बारवीकडच्या पाड्यावरचा गोमा, वय पस्तीस. तीन दिवसांपूर्वी थंडी वाजून ताप, छातीत कळ, विटकरी रंगाचा बेडका, असा आला होता. आमच्या डॉक्टर तांब्यांनी छाती तपासली, एक्सरे काढला. त्या वर्षी लघवीवरून न्यूमोनिया ओळखायची नवी कार्डं आमच्याकडे आली होती. न्यूमोनियाचा एक नेहमीचा जंतू असतो, त्याचे अंश लघवीत उतरतात. कार्डावर पंधरा मिनिटांत दोन गुलाबी रेघा उमटल्या. इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी.

गोमा खांबाला टेकून बसला होता. ओठ काळेनिळे, कुत्र्यासारखा धापा टाकत. शेजारी त्याची बायको नवसी, पदरानं त्याला वारा घालत.

"नवसीताई, उठा. याला आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे."

"कशाला न्यायचा, बाय? काल बाबानं डाकीन काढली. चिंदी पिवली झाली, मी डोल्यांनी बघितला."

"मग हा असा का धापतोय?"

तिचा वारा घालणारा पदर थांबला. ती हळूच म्हणाली, "तुमी पन त्याची लगवीच बघितली. बाबानं पन लगवीच बघितली. आमी अडानी मानसा. कोनाचा खरा धरायचा?"

प्रश्न रास्त होता.

मी समोरच्या टपरीवरून कोरा चहा घेतला, त्यात पाणी घालून पिवळसर केला आणि एका बाटलीत भरून थेट चौरंगापाशी गेले. "बाबा, अर्जंट आहे. आत्याची तब्येत फार खराब आहे."

बाबानं वाटी पुसली, चहा ओतला, चिंधी बुडवली. लाल!

"बापरे! रक्त पितेय डाकीण. तुझी आत्या तीन दिवसांची पाहुणी, बेटी."

"बाबा, हा चहा आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "त्या टपरीवरचा. चहावाल्या दादांना विचारा."

टपरीवाल्यानं लांबूनच हात वर केला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तेरी नियत खोटी," बाबा गरजला, "म्हणून चहालाच बाधा झाली!"

मी वाटी उचलली. बाबाचा चेला धावला, पण नवसी मध्ये आडवी उभी राहिली. मी वाटीत बोट फिरवलं, तर चिकट, पांढरं काहीतरी. नवसीनं वाकून बघितलं, मग बाबाचा अंगठा बघितला. त्यावर तंबाखूचा चुना.

"हलद नि चुना," ती म्हणाली. आधी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमची आजी असाच कुंकू बनवायची! हलदीत चुना घातला की लाल. लिंबू पिलला की परत पिवला. अरे भडव्या, माजाच कुंकू पुसायला निघालास?"

एका म्हाताऱ्यानं आपली चुन्याची डबी काढली, बोटाला चुना लावला आणि ते चौरंगावरच्या हळदीत घातलं. बोट लाल झालं. पार्किंगभर आवाज उठला. व्यापाऱ्यानं बाटली खाली ठेवली आणि कुणाकडेही न बघता गाडीकडे चालू लागला. या गडबडीत बाबा मागच्या भिंतीवरून पसार झाला. फेटा तेवढा राहिला.

आम्ही गोमाला रिक्षात घातलं. अर्धवट उपचारात छातीत पू झाला होता. नळी घालून तो काढावा लागला. सतरा दिवस तो हॉस्पिटलात होता. जगला. पण त्याच रांगेत आदल्या आठवड्यात बसलेली अंबरनाथची एक आजी औषधं बंद करून घरीच वारली, हे मला नंतर कळलं. तिच्या मनगटावर पिवळी चिंधी बांधलेली होती. पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी ती लिहून घेतली. दोन महिन्यांनी बाबा वांगणीकडे हिरव्या फेट्यात बसतो असं ऐकलं.

गोमा घरी निघाला त्या दिवशी नवसीनं मला विचारलं, "तुमचा कार्ड कदी चुकतो का?"

"चुकतं," मी म्हटलं. "कधी रोग असून रेघ उमटत नाही. कधी बरं झाल्यावरही आठवडे उमटत राहते. त्याच्या कागदावर तसं छापलेलं आहे. म्हणून डॉक्टर छाती ऐकतात, एक्सरे काढतात, परत तपासतात."

तिनं मान हलवली. "बाबा म्हनायचा, माजा कदीच चुकत नाय."

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. आपलं माणूस आजारी पडलं की घाबरायला होतं, हात कुणापुढेही जोडले जातात. जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: तुमचं कधी चुकतं का? 'कधीच नाही' असं उत्तर आलं, तर तिथून आपलं माणूस उचला आणि दवाखाना गाठा.