फौजी आळीचा रिपोर्ट

दिवस उगवला की सुभेदार हंबीरराव गच्चीच्या कठड्याला धरून उभे राहायचे आणि आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा आवाज द्यायचे, "अर्जुना! रिपोर्ट!"

शेजारच्या गच्चीवर ताडपत्रीखालून रिटायर नाईक अर्जुना बाहेर यायचा, भिजलेल्या बनियनवर ताठ व्हायचा. "सब ठीक, साहेब!"

"पुढं घे!"

मग अर्जुना पुढच्या गच्चीला हाक मारायचा, ती गच्ची तिच्या पुढच्या गच्चीला, आणि असं करत आळीच्या टोकाला गेलेली हाक 'सब ठीक, सब ठीक' करत माघारी यायची. खाली गल्लीतनं कृष्णामाई वाहत होती. दारांच्या चौकटी बुडाल्या होत्या. कुणाचा कडबा, कुणाचा प्लास्टिकचा पिंप, कुणाचं मेलेलं वासरू, सगळं एका लायनीत गढूळ पाण्यावरनं चाललं होतं. आणि वर सब ठीक.

आळीची हजेरी पुरी झाली की हंबीरराव फोन चालू करायचे. माळावरच्या शाळेत मिलिटरीनं ठाणं मांडलं होतं, तिथं लावायचे. "फौजी आळी, बोरकाठी. ऑल ओके, श्रीमान. पहले नीचे की बस्ती देखिए. हम लोग संभाल लेंगे." आणि चार्जिंग वाचवायला फोन बंद.

त्यांची सून क्रांती हे रोज ऐकत होती. पाण्याच्या टाकीला टेकून, मांडीवर पोर घेऊन, ओल्या गोधडीवर बसून. ती म्हसवडकडची, दुष्काळी माणातली. तिच्या बापानं पोरीला हंडा वाहायला लागू नये म्हणून हौसेनं पाण्याच्या गावाला दिली होती. आता घे पाणी! पोलिसांची गाडी भोंगा वाजवत आली तेव्हाच निघायचं तर सगळी आळी म्हणाली, दोन हजार पाचच्या महापुराला पाणी तिसऱ्या पायरीला थांबलं हुतं, आमाला नका शिकवू. तिसरी पायरी दुपारीच गेली. नदीला काय पाचचं कॅलेंडर दाखवायचं?

तिला राग आला होता तो मिलिटरीच्या नावांचा. मोटरचा आवाज यायचा, वडाच्या शेंड्याजवळ नाव दिसायची, नारिंगी जॅकेटं घातलेले जवान दिसायचे, आणि नाव आळीच्या तोंडाशी येऊन सरळ पुढं निघून जायची. पुन्हा दुसरी. तीही पुढं. आळीत कुणी वळतच नव्हतं.

"आत्ती, ह्या नावा आपल्याकडं का येत न्हाईत ओ?"

तिची सासू बनुबाई गप्प बसणारी बाई नव्हे. पूर यायच्या आधी ती झोपेतसुद्धा बोलायची. आता ती नवऱ्याच्या पायाशी बसून होती आणि त्याच्या पायावरची शाल सारखी सारखी नीट करत होती.

आणि मग वारा फिरला. क्रांतीला वास आला.

तिला वाटलं, खाली मेलेलं जनावर अडकलंय. ती कठड्याला गेली, वास कमी झाला. ती माघारी आली, वास वाढला. ती सासऱ्याजवळ गेली.

"मामंजी, पाय दावा."

"पायाला काय झालंय? जा, पोरीला बघ."

"शाल काढा."

"सूनबाई, अंगावर येऊ नगंस."

क्रांतीनं शाल ओढली. घरात पहिल्यांदाच कुणी तरी सुभेदाराच्या अंगावरचं कापड त्यांना न विचारता ओढलं असेल. पाऊल पटक्यात गुंडाळलं होतं आणि पटका पिवळा झाला होता. वर पोटरी सुजून चकाकत होती. गोठ्यात पाणी शिरलं त्या दिवशी म्हशींचे दोर कापताना पत्रा लागला होता. म्हशी पोहून माळाला गेल्या. हा माणूस इथं बसून कुजत होता. वर साखरेचा आजार. गोळ्यांचा डबा खालच्या कपाटात, कपाट पाण्यात.

"आत्ती, तुमाला म्हाईत हुतं?"

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. "बोललीस तर याद राख म्हनालं. गच्चीगच्चीवर माणसांचा धीर सुटंल म्हनालं."

"अंगात ताप हाय. हात लावून बघा, तवा हाय तवा! आणि सकाळी ह्योच माणूस फोनवर काय म्हनाला? ऑल ओके!"

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. नावा का वळत नव्हत्या ते. मिलिटरीवाले आंधळे नव्हते, त्यांना वशिला लागत नव्हता, ते जात बघत नव्हते. ते रिपोर्ट बघत होते. जिथं ठीक नाही तिथं आधी. आणि फौजी आळीनं रोज सकाळी ताठ उभं राहून, घसा फोडून सांगितलं होतं की आम्ही ठीक आहोत! सरकारी कचेऱ्यांनी पूर कळवायला उशीर केला, पुढाऱ्यांनी तर कळवायचंच काम दुसऱ्यावर टाकलं, आणि शेवटी ज्यांनी जन्मभर हुकूम पाळला त्यांनी आपल्याच बायकापोरांची नाव आपल्याच तोंडानं माघारी धाडली.

"मामंजी, फोन द्या."

"न्हाई. ऐक माजं." हंबीररावांचा आवाज बसला होता, पण मान ताठ होती. "किल्लारीच्या भूकंपात मी हुतो. माणसं ढिगाऱ्याखालनं वरडायची आणि हातपाय धड असलेली वर उभी राहून सतरंज्या मागायची. तवा मी मनात शिव्या दिल्यात त्यांना. आमी मागणाऱ्यातले न्हाई, पोरी. आमी देणाऱ्यातले."

"द्यायला काय हाय आता तुमच्याजवळ? पाय? तो दिला की पाण्याला!"

"क्रांती!" बनुबाई घाबरली.

"आवं आत्ती, वरडू द्या मला. तुमचा ल्योक ऋषिराज तिकडं तवांगला सरहद्दीवर हुबा. त्याला उद्या फोन आला की तुजा बाप गेला, तर म्या काय सांगू? काय सांगू, सब ठीक हुतं म्हनून?"

हंबीररावांनी फोन बंडीच्या आतल्या खिशात सरकवला आणि वर हात दाबून धरला. लहान पोर चिंच लपवतं तसं. आणि नेमकी तेव्हाच मोटर वाजली.

नाव आळीच्या तोंडाशी आली. पुढं बसलेल्या जवानानं वर बघितलं. हंबीरराव कठड्याला धरून एका पायावर उठले, कपाळाला हात नेला, कडक सॅल्यूट केला आणि मग तोच हात खालच्या वस्तीकडं केला. पुढं जा. जवानानंही सॅल्यूट ठोकला. नाव वळली, पुढं निघाली.

क्रांती उठली. पोर सासूच्या मांडीत टाकलं. चुलीवरची स्टीलची परात उचलली, उलथनं उचललं आणि कठड्यावर चढून बडवायला लागली. असा आवाज त्या आळीत लग्नालासुद्धा झाला नव्हता.

"ए! ए मिलिटरी! इकडं या! इधर आवो! सब ठीक नहीं है! कुछ भी ठीक नहीं है!"

"खाली उतर! बोंबलतीस काय भिकारणीवानी!" हंबीरराव ओरडले.

"भिकारीण म्हना नायतर आणखी काय म्हना! ए दादा! झूठ बोलता है ये बुड्ढा! पाय सडेल है इसका!"

शेजारच्या गच्चीवर अर्जुनाची बायको शालूबाई उभी राहिली. अर्जुना म्हणाला, "अगं सुभेदाराच्या घरचं भांडण हाय, तू गप." शालूबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तिनं पाण्याचा रिकामा डबा घेतला आणि लाटण्यानं बडवायला सुरुवात केली. वडाजवळ गेलेली नाव थांबली. मागं वळली.

आळीत नाव घालणं सोपं नव्हतं. विजेच्या तारा लोंबत होत्या. एक जवान आडवा झोपून बांबूनं तारा उचलत होता, दुसऱ्यानं मोटर बंद करून वल्हं घेतलं होतं. टीव्हीवाले त्यांना देवदूत म्हणत होते. देवदूत कसले! पाण्यात राहून बोटं पांढरीफट्ट सुरकुतलेली, डोळे झोपेविना तांबडे, एकाच्या कानामागं जळू चिकटलेली आणि त्याला पत्ता नाही. बायकापोरं असलेली पगारी माणसं ती. फरक एवढाच की बाकीचे पगारी कुठं दिसत नव्हते.

हवालदाराचं नाव मुरुगन, तिकडं दूर मदुराईकडचा. त्यानं कठड्याला हात घातला आणि आधी सॅल्यूट केला. "साब, राम राम. क्या प्रॉब्लेम?"

हंबीरराव ताठ. "कोई प्रॉब्लेम नहीं. सब ठीक है. औरत जात, घबरा गई है. तुम बस्ती में जाओ, उधर ज़रूरत है."

मुरुगन गोंधळला. समोर सुभेदार. हा हवालदार. रिटायर झाला म्हणून काय, खांद्यावरच्या पट्ट्या काय पेन्शनबरोबर गळून पडतात? तो मागं सरकायला लागला.

"इसको पूछो मत, भाऊ!" क्रांती खाली उडी मारून आली आणि तिनं सासऱ्याच्या पायावरचा पटका एका झटक्यात सोडला. "नाक से सूंघो!"

मुरुगन वाकला. मग सरळ झाला. त्याचा चेहरा बदलला, आणि क्रांतीला वाटलं, आता हा विनवणी करणार, हातापाया पडणार आणि म्हातारा काही ऐकणार नाही.

मुरुगननं विनवणी केली नाही. तो संतापला.

"साब. सुबह पोस्ट पर फोन आपने किया?"

"हां."

"कैज़ुअल्टी पूछा होगा."

हंबीररावांनी नजर वडाकडं वळवली.

"आपने निल बोला. साब, आपने गलत रिपोर्ट दिया." त्यानं आळीवरनं हात फिरवला. "हमारा साब उस रिपोर्ट पर बोट भेजता है. पूरा गली में बच्चा है, बूढ़ा है. कोई मर जाता तो हमारा यूनिट का नाम खराब. आप फौजी आदमी, साब. सिविलियन गलत बोलेगा, हम समझेगा. आप?"

म्हाताऱ्याला आजवर पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं होतं. डॉक्टरनं साखर सोडायला, लेकानं बिडी सोडायला, बायकोनं हट्ट सोडायला. एकाचंही पोचलं नाही. हे पोचलं. हंबीररावांची मान पहिल्यांदा खाली गेली. मग त्यांनी खिशातला फोन काढला आणि कुणी न मागता क्रांतीच्या हातात दिला.

"उचला मला," ते म्हणाले. "पाय टेकवत न्हाई."

दोघा जवानांनी हातांची खुर्ची केली. नाव डुलली, बनुबाई किंचाळली, पोरगी टाळ्या पिटायला लागली, तिला वाटलं जत्रेतला पाळणा आला. क्रांती बसली आणि नाव सुटली. अर्जुनाच्या गच्चीखालनं जाताना वरनं शालूबाई ओरडली, "क्रांते! त्यास्नी सांग, आमच्याबी हितं ठीक न्हाई! आमच्या म्हाताऱ्याला परवापासनं रगताचा जुलाब हाय!"

"शाले!" अर्जुना ओरडला.

"तुमी गप बसा! किती दीस दाबून धरताय? रिपोर्टबी आनि पोटबी!"

आळीत हशा पिकला. तेवढ्या पुरात, तेवढ्या घाणीत माणसं हसली. आणि मग बांध फुटला. पलीकडून धोंडुबाई ओरडली, "आमच्या रेश्माला नववा लागलाय, कवाबी कळा येतील!" तिसऱ्या गच्चीवरनं आवाज आला, "आमच्याकडं पेलाभर पाणी न्हाई प्यायला!" टोकाच्या घरातनं एक म्हातारी, आवाज चिरका, "आमची मागची भिंत गेली! आमी ह्या अंगाला सरकून बसलोय!" गच्चीगच्चीवर बाया उठल्या, ताटं वाजायला लागली, आणि त्यांच्या मागं त्यांचे नाईक, हवालदार, लान्सनाईक ओशाळून ताडपत्रीच्या कडा पकडून उभे राहिले.

मुरुगन इकडं बघे, तिकडं बघे. "क्या बोलता? सब क्या बोलता?"

क्रांतीनं एकेका गच्चीकडं बोट करून सांगितलं. हिंदी मोडकी, पण आवाज खणखणीत. मुरुगन वायरलेसवर ओरडत होता, अर्धं हिंदी, अर्धं तमिळ. पलीकडून कुणी तरी विचारलं असावं की ती आळी तर ओके होती ना. त्यानं हंबीररावांकडं एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाला, "रिपोर्ट चेंज, सर. बोट भेजो. जितना है उतना भेजो."

माळाच्या काठावर मिलिटरीचा डॉक्टर पाय बघायला वाकला. दाबून बघितलं, तळवा बघितला. "मिरजेला न्या, आत्ता. दोन बोटं जातील. आजचा दिवस गेला असता तर गुडघ्यापासून गेला असता."

हंबीररावांना गाडीत घातलं. बनुबाई पोरीला काखेत मारून चढली आणि हात पुढं केला. क्रांतीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि मागं बघितलं. मुरुगन नावेत डिझेल ओतत होता. आळीतल्या बायांचं एक अक्षर त्याला कळणार नव्हतं. कुठल्या घरात गरवार बाई, कुठल्या घराची भिंत गेलीय, तो गच्ची गच्ची हिंडत विचारत बसला असता, आणि गच्चीवरचा म्हातारा त्याला सॅल्यूट ठोकून पुढं धाडत राहिला असता.

"आत्ती, तुमी जावा फुडं."

"आनि तू गं?"

"येते मागनं."

बनुबाईनं पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं. मग सवयीप्रमाणं तोंड सुटलं. "जा की मग! हुबी काय ऱ्हायलीस?"

नावेपाशी पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी पोचला होता. बूट कोरडे, मागं चार पोरं मोबाईल धरून. त्यानं क्रांतीच्या हातात बिस्किटाचा पुडा कोंबला, पुड्यावर त्याचाच फोटो चिकटवलेला. "ताई, जरा इकडं बघा. जवानांबरोबर एक होऊन जाऊ दे."

"फोटो पायजे व्हय?" क्रांती म्हणाली. "या की मग नावेत. आळीत लय झ्याक येतोय फोटो. एका गच्चीवर बाळंतपण हाय, दुसऱ्या गच्चीवर जुलाब हाय. कुठं बसवू तुमाला?"

पुढारी मागं सरला. बुटाला चिखल लागला. पुडा तिनं टाकला नाही, अन्नाला कसला राग. त्यावरचा फोटो तेवढा नखानं खरवडला आणि पुडा मुरुगनच्या हातात दिला. त्यानं दातानं फोडला आणि दोन बिस्किटं एकदम तोंडात घातली.

"मॅडम, आप उतरो. सिविलियन अलाउड नहीं."

"तुमको मराठी आती है?"

"नहीं."

"फिर चलो."

त्यानं नावेतलं एक जॅकेट काढून तिच्या अंगावर टाकलं. मोटर घरघरली. तिच्या मागोमाग आणखी नावा सुटल्या, एकीमागं एक, आणि वडाला वळसा घालून आळीच्या तोंडाशी लागल्या. ज्या आळीकडं इतके दिवस कुणी मान वळवली नव्हती तिथं आता नावांची रांग लागली होती. पाऊस तोंडावर मारत होता. क्रांती पोहायला शिकलेली नव्हती, पण ती नावेत उभी राहिली, दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"धोंडुबाई! रेश्माला पुढं काढा! शालूमावशी, तुमचा नंबर दुसरा! आरं म्हाताऱ्यांनो, सॅल्यूट नगा करू, पोरं द्या हातात!"

"बैठो, मॅडम!" मुरुगन मागनं ओरडत होता. "बैठो! बोट पलटेगा!"

तिला ऐकूच येत नव्हतं.