रकाना नऊ

पोलीस ठाण्याच्या बाकावर मी अकरा वर्षांपासून बसून आहे, हे मला चारित्र्य पडताळणीला गेल्यावर कळलं. सपकाळे हवालदारांनी अर्जावरचा माझा फोटो पाहिला आणि पेनाने कोपरा दाखवला.

"तो तुम्हीच ना?"

मीच होतो. अंगात चुलतभावाच्या हळदीत माखलेला शर्ट, उजव्या तळहाताला रुमाल, तोंडाला वास. त्या दुपारी मी पिऊन एका बंद मेडिकलची काच फोडली होती. तेव्हा आपण इतके किडकिडीत होतो हे मी विसरलो होतो. ऐट मात्र पैलवानाची होती.

"अण्णा आले का?" त्याने मला विचारलं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. मी हवालदारांकडे वळलो.

"मला तर त्याच दिवशी सोडलं होतं," मी म्हणालो.

"सोडलं होतं. पण तुम्ही सगळेच्या सगळे कुठे गेलात? एवढे राहिलात."

"मग आता नेतो."

"ज्याने आधी नेलं त्यालाच उरलेलं नेता येतं."

"अण्णा गेल्या पौषात वारले."

सपकाळेंनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता. "मग रकाना नऊमध्ये खरं लिहा. दंड भरलाय, दारू सोडलीय. वरचे लोक समजून घेतात. वेळ लागतो एवढंच. हा बसेल इथे, आम्ही पाणी देतो त्याला."

वेळच तर नव्हता. संरक्षण खात्याच्या कारखान्यात मी सात वर्षं कंत्राटी फिटर. कायम करायचं पत्र निघालं होतं, पण सोमवारपर्यंत पडताळणी आली नाही तर नाव वगळणार होते. रेखाने, माझ्या बायकोने, देवापुढे पेढेही ठेवले होते.

रकाना नऊ : यापूर्वी अटक झाली आहे काय? असल्यास तपशील. सरकारी कागदावर अशी जागा दिसली की माझा हात आपोआप एकच शब्द लिहितो. मी लिहिलं, निरंक. अक्षर छान आलं.

बाक रिकामं झालं. त्यावर फक्त रुमाल उरला.

"झालं तुमचं काम," सपकाळे म्हणाले, आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

मी तळहात पाहिला. काचेचा व्रण गेला होता. मग मला वास आला, आणि तो माझ्याच तोंडाचा होता. त्यात नवल काही नव्हतं. अटकच झाली नाही, तर त्या दिवशी दारू तरी कशी सुटणार? त्या दिवशी अण्णा धुतलेला शर्ट घेऊन आले होते. सही केली, एक शब्द बोलले नाहीत. माझा हात बांधलेला, म्हणून रस्त्यात उभं राहून त्यांनी माझ्या शर्टाची बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत. त्यानंतर मी ग्लासाला शिवलो नव्हतो. आता ती बटणं कुणी लावलीच नव्हती.

खोली लहान झाली होती. दाराकडे निघालो तर गुडघे बाकाला लागले. तोल गेला आणि मी बसलो. शर्टावर हळद होती. रुमाल हाताशी होता, तो मी बांधून घेतला.

तेवढ्यात अण्णा आले. धाप लागलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीतून इस्त्रीच्या शर्टाची कॉलर दिसत होती. मला रडूच आलं.

"साहेब, माझा मुलगा आणलाय का इथे? मुरलीधर बोदडे."

"अण्णा," मी म्हणालो.

सपकाळेंनी वही उघडली. बोट वरून खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा वरून खाली नेलं.

"निरंक," ते म्हणाले.

अण्णांनी बाकाकडे पाहिलं. मी उठून उभा राहिलो, रुमालाचा हात वर केला. त्यांची नजर बाकावरून भिंतीवर गेली आणि तिथून परत सपकाळेंकडे आली. इतका निश्चिंत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला उगीच कुणीतरी काहीतरी सांगितलं."

आतून साहेबांनी माझ्या अर्जावर शिक्का मारल्याचा आवाज आला. अण्णांनी कॉलर पिशवीत नीट दाबली, हात जोडले आणि पायऱ्या उतरू लागले.