विरजणाची माती

आमच्या चरोतरात, गुजरातेतल्या या तंबाखूच्या मुलखात, विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. बांधावरून डोकी फुटलेली असोत, बोलणं बंद असो, शेजारीण दारात आली की आपल्या वाटीत चमचाभर दही घालून ती वाटी तिच्या हाती द्यायची. आणि ती वाटी परत येताना रिकामी येत नाही. गुळाचा खडा, मूठभर तीळ, अगदीच काही नसलं तर चार हिरव्या मिरच्या तरी तिच्यात असतात. चांगली रीत आहे. या चांगल्या रीतीनं आमचा वाफा कसा खाल्ला, ते सांगतो.

वाफा म्हणजे विहिरीजवळचा तंबाखूच्या रोपांचा तुकडा. माझ्या आईचा. गावात सगळे रोपांची जागा दर वर्षी बदलतात, नाहीतर काटक्या-शेण पसरून राब भाजतात. एकाच जागी रोपं घेत राहिलं की मुळांना गाठी धरतात. मातीत डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे किडे असतात, ते मुळात घर करतात आणि रोप पिवळं पडून बसतं. आई काही जागा बदलेना. तिचे गुडघे गेलेले, विहिरीपासून लांब पाणी नेणं व्हायचं नाही, आणि चुलीलाच जळण पुरत नव्हतं तिथं जमिनीला कुठून घालणार? कित्येक वर्षं आमची रोपं गावात सगळ्यात वाईट होती. लोक मला चिडवायचे, शनाच्या घरी तंबाखू पिकत नाही, आलं पिकतं. मग कोणी काही न करता गाठी कमी होत गेल्या, आणि एका पावसाळ्यात मुळं धुतली तर पांढरीशुभ्र. आईला वाटलं, देव पावला. मला वाटलं, किडे कंटाळले.

आई गेल्यावर वाफा माझ्या बायकोच्या, चंचळच्या हाती आला. आजूबाजूच्या गावांतून माणसं ‘चंचळबेनची रोपं’ मागत येऊ लागली. शना म्हटलं तर गावात विचारतात, कुठला शना? चंचळबेनचा शना म्हटलं की घर दाखवतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो वाफा होता म्हणून आम्ही कोणीतरी होतो.

गेल्या वर्षी शेतकी कॉलेजातल्या हेतलबेन मुळं तपासत गावभर हिंडल्या. पोरगी हुशार, आणि मातीत बसायला न लाजणारी. सगळीकडे गाठी, फक्त आमच्याकडे नाहीत, हे पाहून तिनं डबाभर माती नेली. उन्हाळ्यात ती परत आली ती सूक्ष्मदर्शक घेऊनच. संध्याकाळी दूध घालायच्या वेळी दूध मंडळीच्या, म्हणजे गावच्या डेअरीच्या, टेबलावर तो मांडला आणि रांगेतल्या सगळ्यांना डोळा लावायला सांगितलं. मीही पाहिलं. काचेखाली एक किडा वळवळत होता आणि त्याच्या अंगाला तीळ चिकटावेत तसे गोल गोल दाणे चिकटले होते.

हेतलबेन म्हणाली, हे दाणे म्हणजे एका जिवाणूचं बी. किडा मुळात शिरला की बी त्याच्या पोटात रुजतं. मादी जगते, खाते, पण तिला अंडी होत नाहीत; तिचं पोट या जिवाणूनंच भरतं आणि ती कुजली की ते सगळं बी मातीत पडतं. शनाकाकांच्या आईनं जागा बदलली नाही, म्हणून किडे वाढले, आणि किडे वाढले म्हणून त्यांना खाणारा वाढला. हे ऐकून चंचळच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूच्या गुडघ्यांची एवढी थोरवी तिला ठाऊक नव्हती.

तेवढ्यात मंडळीचा सेक्रेटरी पूनमभाई म्हणाला, “म्हणजे विरजणासारखं की.”

“जिवाणू दोन्हीकडे असतात, तेवढ्यापुरतं म्हणा हवं तर,” हेतलबेन म्हणाली.

“मग झालं तर. चमचाभर घातलं की पातेलंभर लागतं.”

ती पुढं पुष्कळ बोलली. हे दुधात वाढत नाही, कारखान्यात शिजवता येत नाही, जिवंत मुळातल्या जिवंत किड्यातच वाढतं, आणि तेही सावकाश. प्रत्येकाच्या शेतातल्या किड्यावर ते चिकटतं का, हे आधी बघावं लागेल. पण तोवर कॅन खडखडायला लागले होते. जन्मभर दूध घालणाऱ्या माणसांना विरजण हा एक शब्द पुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची गजरा आली. थोडी माती दे म्हणाली. चंचळनं आमच्याच टोपलीत वाफ्यातली वरची माती भरून दिली. मग गजराचा दीर, मग त्याचे सासरे, मग पलीकडच्या आळीतली माणसं, ज्यांनी आईला आल्यावरून चिडवलं होतं तीसुद्धा. टोपल्या संपल्या तेव्हा घमेली गेली, घमेली संपली तेव्हा म्हशीच्या आंबोणाची बादली गेली. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, अगं, वाफा आहे की अन्नछत्र?

“विरजणाला नाही म्हणू?” ती म्हणाली. “तुमच्या आईनं कधी म्हटलं होतं?”

मी हेतलबेनला फोन केला. ती परीक्षांच्या कामात अडकली होती. मी येईपर्यंत कुणाला माती देऊ नका, म्हणाली. मी फोनवर हो हो म्हणत होतो आणि समोर गजराची जाऊ तगारी घेऊन उभी होती.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा वाफ्याच्या जागी उथळ खड्डा उरला होता. पाऊस पडला असता तर तळं झालं असतं, बी कुठं टाकणार? चंचळ सकाळ-संध्याकाळ त्याच्या काठाशी जाऊन उभी राहू लागली. गावाच्या ते लक्षात आलं. गाव वाईट नाही, हेच तर दुखतं. एके दिवशी आमच्या टोपल्या परत यायला लागल्या, आणि एकही रिकामी नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या शेतातली निवडक माती, खडे वेचून, चाळून आणली होती. गजरानं तर वर शेणखताचा हात फिरवला होता. हसत-बोलत खड्डा भरला. चंचळनं सगळ्यांना ताक पाजलं. तिचं तोंड एवढं फुललं होतं की मीही फावडं घेऊन माती सारखी केली.

चार दिवसांनी हेतलबेन आली. वाफ्याच्या कडेला उभी राहून तिनं विचारलं, ही माती कुठली? मी सांगितलं. तिनं मूठभर माती उचलली, चोळून पाहिली आणि पुन्हा खाली सोडली.

तिनं दोन्ही मातींचे नमुने नेले आणि नंतर मला कॉलेजात बोलावून दाखवलं. आमच्या वाफ्याच्या कोपऱ्यात उरलेल्या जुन्या मातीतलं जिवाणूचं बी आणि गावाच्या मातीतले किडे तिनं एकत्र ठेवले होते. मी डोळा लावला. किडे वळवळत होते, अंगं स्वच्छ, एकावरही तीळ नाही.

“काका, रेडकू परक्या म्हशीला लुचत नाही,” ती म्हणाली. “हे तसं आहे, तुमच्या मातीतलं बी तुमच्याच मातीतल्या किड्याला चिकटतं. मी तेव्हाच हे असं, तुमच्या भाषेत सांगायला हवं होतं.”

मी विचारलं, आता ती माती वेगळी काढता येईल का? ती म्हणाली, पिठात मीठ मिसळल्यावर काढता येतं का? उरलेलं बी तिनं आमच्याच जुन्या मातीतल्या किड्यांसकट कुंड्यांतल्या टोमॅटोच्या मुळांवर धरलं आहे. वाढेल, पण एवढा वाफा भरायला किती वर्षं लागतील, तिला सांगता येईना. आईला लागली तेवढी आमच्यापाशी नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

घरी येऊन चंचळला सगळं सांगितलं. तिनं तरी तंबाखूचं बी टाकलं. म्हणाली, कॉलेजाच्या काचेत काहीही दिसतं. मी रोज पाणी घातलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

श्रावणात रोपं उपटली. चंचळनं विहिरीवर एक रोप धुतलं, दुसरं धुतलं, मग बादली उपडी करून तिच्यावर बसून राहिली. मुळांना गाठीच गाठी होत्या, अगदी आल्यासारख्या. ज्यांनी माती नेली त्यांच्याकडेही तेच. रोपं मागायला आलेल्यांना तिनं हात जोडून परत पाठवलं. शिव्या द्यायला एखादं तोंड सापडलं असतं तर मी मोकळा झालो असतो. पण कुणाला देणार? ज्यानं मागितलं त्यानं रीतीनं मागितलं, जिनं दिलं तिनं रीतीनं दिलं.

त्याच संध्याकाळी गजरा विरजणाला आली. चंचळनं नेहमीसारखं वाटीत दही घालून दिलं. सकाळी वाटी परत आली, आत गुळाचा मोठा खडा. चंचळनं तो काढून गजराच्या हातावर ठेवला आणि वाटी आतून पदरानं पुसली.

“गजराभाभी,” ती म्हणाली, “यापुढं वाटी रिकामीच आणत जा.”

गजरा गूळ मुठीत धरून तशीच उभी राहिली.