चांगुणा कुणाचं ऐकते

डॉक्टरांनी स्टीलचा ट्रे चांगुणाच्या डोक्यामागे धरला आणि त्यावर चमचा आपटला. दाराबाहेर बसलेल्या बायका दचकल्या. चौदा वर्षांची चांगुणा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत तशीच बसून राहिली.

"हिला ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले.

रंगुबाईला हे काही पटेना. आपली पोर जन्मापासून मंद, डोळे बारीक, बोलणं बोबडं, हे तिने कधीच मान्य केलं होतं. पण बहिरी? तोंडावरचा पदर सावरत ती म्हणाली, "न्हाई डाक्टर, हट्टी हाय. आजीनं हळू सांगितलं तरी उठायची. माझंच ऐकत न्हाई."

डॉक्टरांनी समजावलं, की अशा मुलांच्या शरीरात जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असतं आणि पुष्कळदा त्यांचे कानही अधू असतात. रंगुबाईने मान डोलावली. गुणसूत्र म्हणजे काय ते तिला कळलं नाही, आणि हळू बोललेलं ऐकणारी पोर बहिरी कशी, हे तर मुळीच कळलं नाही. आली होती त्याहून जास्त गोंधळून ती दवाखान्याची पायरी उतरली.

एकाहत्तर सालचा ऊसतोडीचा हंगाम होता. त्यांची टोळी तिसगावकडून कारखान्यावर आली होती. दिवाळीत आजी वारली, गावात चांगुणाला सांभाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून तिलाही सोबत आणलेलं. काल फडात उसाची बैलगाडी चांगुणाच्या दिशेने मागे सरकत होती, रंगुबाई घसा फोडून ओरडत होती, आणि ही ढिम्म. गाडीवर रंगुबाईचे सासरे भिमाजी होते, त्यांनी कसेबसे बैल आवरले. आज सकाळी मुकादमाने निक्षून सांगितलं, पोरीला उद्याच्या गाडीने गावाकडे धाडा. नवऱ्यानेही होकार दिला. गावाकडे म्हणजे चुलत जावेकडे, आणि ती चांगुणाला खांबाला बांधून ठेवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीपुढे जेवणं चालली होती. भिमाजी घोंगडीवरून म्हणाले, "चांगुणा, पानी आन." तिने तांब्या भरून आणला. रंगुबाई म्हणाली, "मलाबी आन." चांगुणा जागची हलली नाही. नुसती बघत राहिली.

रंगुबाई ओरडणार, तेवढ्यात थबकली. हट्टी पोरं नजर चुकवतात. ही तर टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडावर पदर होता.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासऱ्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ते ओसरीवर, ते शेतात, ते गाडीवर. पदर काढायला उसंत कुठली, मग ते नसतानाही तो तिथेच राहायचा. सासू मात्र उघड्या तोंडाने बोलायची. म्हातारीने पोर फितवली, असं समजून रंगुबाईने इतकी वर्षं मनातल्या मनात तिचा राग राग केला होता. आता तिला लाज वाटली, आणि हे आता सासूला सांगता येणार नाही म्हणून रडू आलं.

तिने पदर खाली ओढला. भिमाजींचा तांब्या ओठांपाशीच थांबला.

"पानी आन," ती चांगुणाला म्हणाली. आवाज चढवला नाही.

चांगुणाने आणलं.

खाली मान घालून रंगुबाईने डॉक्टरांचं म्हणणं सासऱ्यांना सांगितलं. तोंड दिसेल असं समोरून सांगितलं तर पोर गाडीच्या वाटेत न येता बांधावर बसून राहील, हेही सांगितलं. भिमाजी घोंगडी घेऊन उठले, पलीकडे अंथरली आणि सुनेकडे पाठ करून बसले.

"उद्या तिला धाडू नगं. मुकादमाचं मी बघतो," ते तिकडेच बघत म्हणाले. "आन तू बोल तिच्यासंगं. मी हिकडं तोंड करून बसतो."

रंगुबाई चांगुणासमोर बसली, आणि काय बोलावं तेच तिला सुचेना. ऊठ, सरक, मर एकदाची, याखेरीज पोरीला कधी काही म्हटल्याचं आठवेना. चांगुणा तिच्या ओठांवर डोळे लावून थांबली होती.

"भाकर खाल्ली का?" शेवटी तिने विचारलं.

मघाशीच दीड भाकरी खाल्लेल्या चांगुणाने मान हलवून नाही म्हटलं. कळून म्हटलं की न कळता, ते रंगुबाईला उमजेना. तिने परातीत पुन्हा पीठ घेतलं.