कुलपातला शब्दकोश

दुपारचे तीन. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. कपडे सुकवायच्या खोलीचं दार बंद. आत एक बाई, बाहेर तिची सून. समोरच्या काचेच्या कपाटात मी.

मी इटालियन-इंग्रजी शब्दकोश बोलतोय. त्या दुपारी तोंड बंद होतं, म्हणून आज उघडतोय.

मी इथे मशीनांबरोबर आलो. त्यांच्या बटणांवरचे शब्द इटालियन. काही फार जड नव्हेत. थांबवा, उघडा, सुरू करा, असे रोजचेच. फिटर माझ्यात शब्द शोधायचा, इंग्रजीवरून आपल्या भाषेत आणायचा आणि इथेच कामाला असलेल्या त्या सासूबाई त्याची चिठ्ठी बटणाखाली चिकटवायच्या. माझ्या पानांना ग्रीस लागलं, कोपरे दुमडले. शब्दकोशाला याहून चांगले दिवस नसतात.

मग पाहुणे येणार असं ठरलं. मॅनेजरसाहेब फेरी मारायला आले. "ही काय ठिगळं लावलीत? मशीन परदेशी आहे, परदेशी दिसू दे."

"साहेब, नवं माणूस आलं तर?" फिटरने विचारलं.

"तुम्हाला पाठ आहे ना? मग झालं."

चिठ्ठ्या खरवडल्या गेल्या. मला पुसून ढाली-चषकांशेजारी कुलपात ठेवलं. हत्तीचा दाखवायचा दात झालो.

पाहुणे आले त्या दिवशी फिटर रजेवर होता. बाकीच्या बायका स्वागताला फाटकाशी उभ्या. सून कामाला नवी. अडकलेली चादर काढायला सासूबाई खोलीत शिरल्या. जाता जाता म्हणाल्या, "दाराकडे लक्ष ठेव. घरातल्या दुधासारखं नको."

"ते तुम्हीच उतू घातलंत, आई."

सासूबाई हसल्या, आणि दार त्यांच्यामागे आपोआप लागलं. ते उघडतं बाहेरच्या बटणाने. बटणं सगळी सारखी. सुनेने एक दाबलं. आत गरम वारा सुरू झाला. आता दुसऱ्या बटणाला हात लावायची तिची छाती होईना.

"पुस्तक बघ गं, पुस्तक!" आतून हाका येत होत्या. कुठलं बटण ते सासूबाईंच्या हाताला ठाऊक, पण न बघता सांगता येईना. सासूबाई तापलेल्या दारावर हात आपटत होत्या.

सून माझ्यापाशी आली. कुलूप. ती ऑफिसकडे धावली.

"आत पाहुणे आहेत, थांबा जरा," कारकून म्हणाला.

"माझी सासू कोंडलीय हो! कपाटाची किल्ली द्या!"

"किल्ली साहेबांच्या खिशात आहे. मी काय करू?"

इतक्या जवळून मी कोणाला तडफडताना पाहिलं नव्हतं. बटणांवरचा एकेक शब्द माझ्या पोटात होता. पण मधली काच मला फोडता येत नव्हती. ती सुनेने फोडली, इस्त्रीने. एकेका बटणावरचा शब्द माझ्या पानांत शोधला. 'उघडा'चा शब्द सापडला, तिने ते बटण दाबलं. दार उघडलं.

सासूबाई वाचल्या. दोन्ही तळव्यांची कातडी मात्र सोलून निघाली. त्या हातांनी आता चादरीची घडी होत नाही.

चौकशी झाली. निष्कर्ष: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा आणि कपाटाची मोडतोड. चिठ्ठ्या कोणाच्या हुकमाने खरवडल्या, हे कोणी विचारलं नाही.

बाबांनो, मला मळवा, फाडा, पण हाताशी ठेवा. हे मी नव्या काचेआडून सांगतोय. कपाटाला नवं कुलूप आलंय. बटणांखालच्या जागा कोऱ्याच आहेत. आणि किल्ली अजून साहेबांच्याच खिशात आहे.