खंडेनवमीचा स्पंज

झुलालनाना पाटलांची ओळख करून द्यायची तर "लग्नाच्या गाण्यात खालून दुम्म-दुम्म करतात ना, ते," असंच सांगावं लागे. धुळे-जळगावात अहिराणी गाण्यावर नाचला नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि नाचताना त्याच्या पोटात जे घुमतं ते बहुतेक वेळा नानांच्या बेस गिटारीचं असतं. पण पोटात घुमणाऱ्याचं नाव कोण विचारतो? पोस्टरवर गाणाऱ्याचं नाव, नाचणारीचा फोटो. आणि नाना जळगावात ललितच्या स्टुडिओत, कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर. ती खुर्ची मात्र त्यांची. दुसरं कोणी टेकलं तर खुद्द ललित म्हणायचा, "उठ रे, नाना येतील."

म्हणायचा. यंदा त्यानं नवा कीबोर्ड आणला होता. त्यात बेस गिटार होती, सनई होती, पाऊस होता, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा होतं. लग्नसराईचं पहिलं गाणं दसऱ्याच्या मुहूर्तावर रेकॉर्ड व्हायचं होतं, आणि ललितनं फोनवर गोड आवाजात सांगितलं, "नाना, एकदा तुम्ही वाजवा, एकदा कीबोर्ड वाजवेल. जे बरं वाटेल ते सीझनभर ठेवू. वाईट वाटून घेऊ नका हं." माणूस असं म्हणतो तेव्हा वाईट वाटण्याची सगळी व्यवस्था झालेली असते.

तरी नाना निर्धास्त होते. त्यांचा भरवसा स्वतःपेक्षा सामानावर होता. गिटार मुळात लाल होती; आता जिथं हात पोचत नाही तेवढीच लाल उरली होती. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे प्रचाराच्या रिक्षावरचा भोंगा चालवणारा डबा. नानांनी तो स्वतः उघडून सुधारला होता, तेव्हापासून तो अधूनमधून रेडिओ पकडून बाजारभाव सांगायचा. खोळ गोधडीची, पत्नी रत्नाअक्कांनी शिवलेली. सूर लावायचं यंत्र नव्हतं. आगारात उभ्या एसटीचं इंजिन ज्या सुरात घुमतं त्या सुरात जाड तार लावायची, पुढचं कान पाहून घेतो. तारा कधी बदलायच्या नाहीत. "तार म्हनजे लोनचं शे भो," नाना सांगत, "मुराले टाइम लागस."

आणि स्पंज. बेसची तार छेडली की ती बराच वेळ घणघणत राहते. वरातीत नाचणाऱ्याला घणघण नको असते, धक्का हवा असतो. म्हणून तारा जिथं लाकडाला अडकतात तिथं, त्यांच्या खाली, नानांनी जुन्या मोटरसायकलच्या सीटमधला स्पंजचा तुकडा कोंबला होता. त्यानं तार दबायची, 'दुम्म' व्हायचं आणि जागच्या जागी संपायचं. घाम, धूळ, हळद आणि गुलाल पिऊन तो तुकडा शेणाच्या गोवरीसारखा दिसू लागला होता. आपली कला बोटांत किती आणि स्पंजात किती, हा प्रश्न नानांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. उत्तराचा त्यांना अंदाज होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. घरोघर हत्यारं-अवजारं घासूनपुसून पाटावर मांडायची आणि पूजा करायची. यंदा हे काम नव्या सुनेकडे, डिंपलकडे आलं. डिंपल वरणगावची, वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. धुळीचा कण दिसला की ती शत्रू दिसल्यासारखी उठायची. नाना झेंडूची फुलं आणायला गेले तेवढ्यात तिनं नवऱ्याचे पाने-पक्कड घासले, सासूची विळी घासली आणि गिटार घेतली. नाना परतले तेव्हा गिटार पाटावर हळदीकुंकू लावून, हाराची वाट बघत बसली होती. लाल. लग्नातल्यासारखी.

नानांचे डोळे पाणावले. "पोरगी गुनी शे," ते बायकोला म्हणाले. पूजा झालेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, तेव्हा त्यांनी लांबूनच नमस्कार केला. शिवाय दसऱ्याचा पहिला सूर कामाच्या जागीच काढायचा, घरी नाही, असा त्यांचा जुना नेम.

दसऱ्याच्या सकाळी रत्नाअक्कांनी गिटार खोळीत घातली, नानांनी भोंग्याचा डबा उचलला आणि तिघं जळगावच्या एसटीत बसले. डिंपलला पहिल्या दसऱ्याला माहेरी पोचवायचं होतं, वाटेत दोघींना स्टुडिओही बघायचा होता. विहिणीसाठी डब्यात मांडे होते, खापरावर भाजलेले, पुरणानं फुगलेले, रुमालासारखे घडी घातलेले.

स्टुडिओत ललितनं आधी कीबोर्ड ऐकवला, एका बोटानं. दुसऱ्या हातात चहा होता. वाईट वाजला नाही, हे नानांनाही कबूल करावं लागलं.

"आता तुम्ही, नाना."

नाना खुर्चीवर बसले, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि जाड तार छेडली.

टण्ण्ण्ण्ण!

स्टीलचं ताट जिन्यावरून गडगडत खाली गेलं आणि तिथंही गप्प बसेना, असा आवाज झाला. ललितच्या कपातला चहा हिंदकळला.

"वा," ललित म्हणाला, "मंदिर उघडलं वाटतं."

नानांनी डोळे उघडले. तारा लखलखत होत्या. त्यांनी तारांखाली बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"मना स्पंज कोठे शे?"

"तो काळा?" डिंपल उत्साहानं म्हणाली. "तो अडकला होता ना नाना, मी काढला. टाकला नाही हं! घासणीला घेतला. इतका छान घासतो! कढईला तळ आहे हे मला कालच कळलं."

"कढई घासी?" नानांचा आवाज पहिल्यांदा कीबोर्डपेक्षा बारीक निघाला.

"मग कीबोर्ड ठेवू या ना, नाना?" ललित हळूच म्हणाला.

"थांब जरासा, भाऊ!" रत्नाअक्का उठल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आठे बठ्ठ्या भिती स्पंजन्या शेतस, आनि तुम्हले टुकडा भेटत नही?"

"अक्का, भिंतीला हात नाही लावायचा! ते आवाज शोषायचं असतं!"

"आम्हले बी तेच करनं शे ना!"

ललित भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मग नानांनी उठून पायातला मोजा काढला आणि तारांखाली कोंबला. आवाज आलाच नाही, वास आला. डिंपलनं आपट्याची पानं सुचवली, सणाची म्हणून. पानांवर तार खर्र-खर्र घसरली आणि डबा मध्येच हरभऱ्याचा भाव सांगून गेला. हसून हसून ललितला खुर्ची लागली आणि तो नानांच्याच खुर्चीवर बसला. आजवर असं झालं नव्हतं. नानांनी ते पाहिलं. रत्नाअक्कांनीही पाहिलं.

त्यांनी मांड्यांचा डबा उघडला.

"माय, ते माझ्या आईसाठी—" डिंपल म्हणाली.

"तुनी माय एक कमी खाई." अक्कांनी एक मांडा काढला, आणखी एक घडी घातली, कमरेचा रुमाल त्याभोवती गुंडाळला आणि तारांखाली सारला. वरून दोन बोटांनी दाबून पाहिलं, पुरण शिजलं की नाही पाहतात तसं. "वाजाडा."

नाना उभ्यानंच वाजवू लागले.

दुम्म.

नानांनी पुन्हा वाजवलं. दुम्म, दुम्म-दु-दुम्म. स्पंजाचा आवाज कोरडा होता. याच्यात तूप होतं. ललितनं चेहरा मख्ख ठेवला, पण त्याचा डावा पाय त्याला न विचारता हलू लागला. मग उजवा. मग डिंपल सासऱ्यासमोर नाचायचं नाही हे विसरली, आणि नंतर अक्काही विसरल्या. ललितनं कसंबसं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

गाणं संपलं तेव्हा तो धापा टाकत होता. "नाना, सीझनभर हाच साउंड! यातलं काहीही बदलायचं नाही. फक्त… पुरण वगळता येईल का? मुंग्या लागतील."

"पुरनबिगर मांडा म्हनजे नवरदेवबिगर वरात," अक्का म्हणाल्या. "आनि मांडा ताजा लागस. मी दर येळे संगे येसू. मी बसू कोठे?"

ललित चटकन उठला, नानांची खुर्ची पदरानं नाही तर निदान शर्टाच्या बाहीनं पुसली आणि पुढं केली. अक्कांसाठी त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि कीबोर्डसमोरचं गुबगुबीत स्टूल ओढून आणलं. कीबोर्ड तिथंच उभा राहिला, पोटात सनई, पाऊस आणि कुत्रं घेऊन.

डिंपलनं उरलेले मांडे मोजायचं टाळून डबा बंद केला.

"नाना, मग तो स्पंज मी भांड्यांनाच ठेवू ना?"

नानांनी तारांखालचा रुमाल प्रेमानं थोपटला.

"ठेव, बेटा. भरपूर वाजाडं त्यानी. आते घासू दे त्याले."